न वाढवता, न घटवता

पा थाइमू फोर्ना आमच्या मासुंथाच्या कोर्टात सव्वीस वर्षं दुभाषे होते. पहिल्या वर्षीचं एक सोडलं तर आपण एकदाही पदरचा शब्द घातला नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मी त्याच कोर्टात टंकलेखक. त्यांच्या उभं राहायच्या जागेपासून माझं टेबल हातभर अंतरावर होतं. त्यामुळे त्यांच्या या फुशारकीचा सगळ्यात जास्त जाच मला झाला, आणि ती खरी होती याचा साक्षीदारही मीच.

उंच, काटकुळा माणूस, वयाने मोठा म्हणून सगळ्यांचा 'पा'. अंगात तपकिरी कोट, तो कुण्या गोऱ्या साहेबाने जाताना दिलेला. बाह्या आखूड, त्यामुळे मनगटं कायम बाहेर. कोलाच्या कडू बिया चघळून चघळून दात तांबडे झालेले. कोर्टात मात्र कोला तोंडात नसे. कोर्ट सुरू व्हायच्या आधी मागच्या पडवीत जाऊन चूळ भरायची, मग दोन्ही हातांत कुराण धरून शपथ घ्यायची, की ऐकेन ते सांगेन, न वाढवता, न घटवता. आमची शपथ वर्षात एकदा झाली तरी चालायचं. हे दर तारखेला घ्यायचे. मी एकदा म्हटलं, पा, मागल्या आठवड्यातली शपथ अजून ओली आहे की. तर म्हणाले, "लिहिणाऱ्या, तुझं कागदावर असतं, ते खोडता येतं. माझं हवेत जातं. ते मागे कसं घेऊ?"

गंमत अशी की त्यांचे वडील नेमके उलट्या धंद्यातले. वडील मुखियाचे बोलके होते. आमच्याकडे मुखिया बैठकीत मोठ्याने बोलत नाही. तो हळू पुटपुटतो, आणि शेजारी उभा असलेला बोलका ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. मुखिया चिडून म्हणाला, या माकडाला माझ्या डोळ्यांपुढून हाकला, की वडील घसा खाकरून सांगत, मुखिया म्हणताहेत, तुम्ही लांबून आलात, दमला असाल, आता घरी जाऊन पडा. त्या एका माणसाच्या जिभेने कितीतरी भांडणं वाचली, असं जुने लोक सांगतात. पा थाइमू नोकरीला लागले ते वडिलांचीच जीभ घेऊन. पहिल्याच वर्षी एका चोराने कोर्टाला घातलेली शिवी यांनी "आरोपीला वाईट वाटतं आहे" अशी करून सांगितली. शिपायाला आमची टेम्ने भाषा येत होती, त्याने चहाडी केली. मॅजिस्ट्रेट साहेबाने यांना दिवसभर कोर्टाबाहेर उन्हात उभं केलं आणि सांगितलं, पुन्हा असं झालं तर घरी जा. त्या दिवसापासून वडिलांची जीभ यांनी टाकली ती टाकलीच.

मग काय, कोर्टात जे बोललं जाईल ते सगळं साहेबापुढे येऊ लागलं. आमचा साक्षीदार आला की आधी विचारपूस करणार. सेके म्हणून रामराम करणार, रात्र कशी गेली विचारणार, घरचे कसे आहेत, अंग कसं आहे, कामाचं कसं काय. कोणताही भला टेम्ने माणूस यातलं काही गाळून मुद्द्यावर येत नाही. पा थाइमू यातला शब्दन् शब्द इंग्रजीत करायचे. "साक्षीदार विचारतो, साहेबांची रात्र बरी गेली ना. साक्षीदार विचारतो, घरी मंडळी बरी ना." साहेब वैतागून म्हणत, त्याला सांगा, बरी आहेत. ते टेम्नेत जाई. मग साक्षीदार आनंदाने पुढचा प्रश्न विचारी. एका म्हातारीने तर साहेबाकडे बघून, याचं डोकं भोपळ्यासारखं गुळगुळीत आहे, याच्यात न्याय कुठून राहणार, घसरून पडेल, असं म्हटलं. पा थाइमूंनी मान खाली घालून, अदबीने, भोपळ्यासकट सगळं सांगितलं. मी टाइप करताना ओठ चावून बसलो होतो. साहेबही हसले, म्हातारीचा दंड माफ केला.

कोर्टापुढे आंब्याचं झाड होतं. तारखेच्या सकाळी आरोपींचे नातेवाईक तिथे येऊन पा थाइमूंना घेरत. खटल्याबद्दल बोलायची त्यांना मनाई होती, ती ते कसोशीने पाळत. पण माणूस समोर येऊन उभा राहिला की काहीतरी सांगावं लागतंच. म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकच वाक्य ठेवलं होतं. हात मागे बांध, नजर खाली ठेव, आणि मोठ्यांपुढे बोलतात तसं बोल. बस. इतकी वर्षं हेच. त्याने कोणाचं नुकसान झालेलं मला आठवत नाही. ज्यांनी चोरी केली होती त्यांनी चोरी केली होती, नीट बोलल्यामुळे महिनाभर शिक्षा कमीच झाली.

येंकेन थोरोंका आली त्या सकाळीही त्यांनी हेच सांगितलं. मी पायरीवर उभा होतो, मी ऐकलं.

येंकेन रोकुला गावची. चाळिशीतली विधवा. घरात तिची आई आणि ती, तिसरं कोणी नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडलेला, हाताला धरल्याशिवाय ती चुलीपर्यंतही जात नसे. येंकेनवर आरोप होता की तिने आपलं रान जाळताना आग लावली आणि ती पा लामिनाच्या घरावर नेली. घर गेलं, कोठारातला वर्षाचा भात गेला.

खरं काय ते अख्ख्या रोकुलाला माहीत होतं, आणि मासुंथालाही. येंकेनचं रान जाळून झालं होतं पाच दिवस आधी, राखसुद्धा गार झाली होती. आग आली नदीकडून. तिथे परगावचे लोक गवत पेटवून मोठे रानउंदीर बाहेर काढत होते. वारा फिरला आणि ते लोक पळाले. येंकेनचं रान नदी आणि पा लामिनाचं घर यांच्यामध्ये होतं, आग त्यावरच्या खुंटांवरून पुढे गेली. एवढाच तिचा संबंध.

पण घर जळालेलं माणूस समोर बसलेलं असताना, आग कोणाची, वारा कोणाचा, हा हिशेब आमच्यात कोणी घालत नाही. तिसऱ्या दिवशी येंकेनचा मामा पानात कोला बांधून पा लामिनाकडे गेला, मातीत बसला, त्याचा पाय धरला आणि म्हणाला, आग आमची, तुझं घर आम्ही जाळलं, आम्हाला तोंड नाही. माफी मागायची तर अशीच मागतात. त्यात "पण" घातला की ती माफी राहत नाही, भांडण होतं. समोरचाही जाणून असतो. पा लामिनाने मामाला दोनदा परत विचारलं, खरंच तुमची का रे आग? असं विचारायचंच असतं, माणूस मनापासून आला आहे की तोंडदेखला, ते बघायला. मामा दोन्ही वेळा म्हणाला, आमची. मग पा लामिनाने कोला फोडला, सगळ्यांना वाटला, आणि प्रकरण मिटलं. पुढच्या आठवड्यात येंकेन त्याच्या नव्या घराला माती कालवायला गेली होती.

पा लामिनाचा जावई राजधानीत, फ्रीटाउनला, गोदीत होता. तो आला, जळकं घर पाहिलं, कोणाला न विचारता पोलिसात गेला. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा चार जणांनी सांगितलं की हो, त्यांनी माफी मागितली आहे. झालं. जावई परत गेला, खटला मागे राहिला.

मॅजिस्ट्रेट वाईट नव्हते. हे लिहिताना मला ते वाईट असते तर बरं झालं असतं असं वाटतं. फ्रीटाउनचे, शांत, इंग्रजी आणि तिकडची क्रिओ बोलणारे, टेम्ने न येणारे. त्या दिवशी अंगात ताप होता, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसले होते. संध्याकाळच्या आत होडी गाठून त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

आरोप वाचून झाला. पा थाइमूंनी तो टेम्नेत सांगितला, नेहमीसारखाच स्वच्छ, आणि विचारलं, हे खरं की नाही.

येंकेनने साहेबाकडे पाहिलंच नाही. बाकावर पा लामिना बसला होता, समन्स आलं म्हणून आलेला, बिचारा टोपी मांडीवर घेऊन. ती त्याच्याकडे वळली, हात मागे बांधले, गुडघ्यावर बसली. मोठ्यांपुढे बसतात तशी.

"आग माझी," ती म्हणाली. "घर मी जाळलं, भात मी जाळला. मला तोंड नाही. मी तुमच्या पाया पडते."

माझी बोटं तिथेच थांबली. मागच्या बाकांवर रोकुलाची माणसं होती, ती समाधानाने माना हलवत होती. पोरगी किती नीट बोलली, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा पा थाइमू म्हणाले, "साहेब, आमच्या लोकांत अशी रीत आहे की..."

"रीत मी विचारली नाही," साहेब म्हणाले. रागाने नव्हे, थकून. "तुम्ही साक्षीदार आहात का? ती जे बोलली ते सांगा."

त्यांनी सांगितलं. आग माझी, घर मी जाळलं, भात मी जाळला. इंग्रजीत ते फारच थोडं आणि उघडं वाटलं.

साहेबांनी लेखणी उचलली, मग परत ठेवली. मी म्हटलं ना, ते वाईट नव्हते. ते म्हणाले, तिला वकील नाही, तेव्हा नीट विचारा, तिने स्वतः, आपल्या हाताने, ही आग लावली का. घाई करू नका म्हणावं.

तो एक क्षण होता. पा थाइमूंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही टेम्ने येतं, माझीही आई टेम्नेच. ते काय विचारत होते ते मला स्वच्छ कळलं. टेम्नेत एवढंच म्हणायचं होतं, की बाई, ही माफीची बैठक नव्हे. साहेबांना पत्ताही लागला नसता. सांगणारा शिपाई केव्हाच मरून गेला होता, आता टेम्ने कळणारा कोर्टाचा माणूस मी एकटा. मी मान हलवली असती तरी पुरे होतं. मी टाइपरायटरकडे पाहिलं. नोकरी होती, घरी तीन मुलं होती, काय सांगू. मी घाबरलो.

पा थाइमूंनी साहेबांचा प्रश्न टेम्नेत केला. तेवढाच, न वाढवता, न घटवता. तू स्वतः, आपल्या हाताने, आग लावलीस का?

आणि येंकेनला वाटलं, हे मोठे लोक आपली परीक्षा घेताहेत. मामाला दोनदा विचारलं होतं, तसंच. डगमगलं तर सगळं फुकट जाणार. तिने डोकं जमिनीला टेकवलं आणि आवाज चढवून म्हणाली, "माझ्या हाताने लावली. याच हाताने."

साहेबांनी पा लामिनालाही विचारलं, तुमचं काही म्हणणं? तो घाईघाईने उभा राहिला, म्हणाला, मी तिला केव्हाच माफ केलं आहे, माझं काही मागणं नाही, तिला जाऊ द्या. साहेब म्हणाले, म्हणजे माफ करण्यासारखं तिने काही केलं होतं तर. तेही टेम्नेत आलं. पा लामिना टोपी चुरगाळत तसाच उभा राहिला, शेवटी शिपायाने त्याला बसवलं.

दोन वर्षं. सक्तमजुरी. फ्रीटाउनचा तुरुंग.

ते पा थाइमूंनाच तिला सांगावं लागलं. ती गुडघ्यांवरच होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मोठी माणसं बोलून झाली की म्हणायचं असतं तसं म्हणाली, "मोमो." मग हळूच, फक्त त्यांना, विचारलं, "पा, कोला केव्हा फोडणार?"

साहेबांनी विचारलं, काय म्हणाली? पा थाइमू म्हणाले, "आरोपी कोर्टाचे आभार मानते." कोला कधी फोडणार, हेही त्यांनी सांगितलं. साहेबांना ते कळलं नाही, त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही.

बाहेर पोलिसाने दंडाला धरलं तेव्हा तिला समजलं. मग ती ओरडली. आंब्याखालून ओरडली, गाडीत चढवताना ओरडली, की आईला सांगा, आईला चुलीपाशी एकटीला सोडू नका. आतापर्यंत ज्या बाईचा आवाज मी दोन वाक्यांपुरता ऐकला होता, तिचा तो आवाज. पा थाइमू मागच्या पडवीत चूळ भरत उभे होते. कोला तोंडात नव्हताच, तरी भरत होते.

त्यांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. साहेब होडीकडे निघाले तर हे कोट सावरत गाडीमागे धावले. साहेबांनी गाडी थांबवली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुम्हीच दोनदा भाषांतर करून दिलंत, आता मी काय करू? वर अर्ज करा, गावच्या लोकांचे जबाब जोडा. अर्ज मी टाइप केला, कार्बन घालून तीन प्रती. मग आम्ही दोघं रोकुलाला गेलो. सगळे बसले. पा थाइमूंनी विचारलं, आग तिची नव्हती, एवढं लिहून अंगठा द्याल का? मामा म्हणाला, मी पाय धरून जे बोललो ते आता कसं फिरवू? पा लामिनाच्या घरात आमच्या मुली दिल्या आहेत. पा लामिना म्हणाला, यांनी शब्द मागे घेतला तर मी माफ केलं ते काय होतं, थट्टा? दोघंही रडत होते, म्हातारी माणसं. पण अंगठा कोणीच दिला नाही. मी तो अर्ज तसाच, जबाबाविना, पाठवला. उत्तर आलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर पा थाइमू बदलले. काम तसंच करायचे, चूक एक नाही. पण आंब्याखाली जाणं बंद केलं. कोणी काही विचारलं की कानावर हात ठेवून निघून जायचे. लोक म्हणू लागले, म्हातारा शिष्ट झाला. मला एकदा म्हणाले, "लिहिणाऱ्या, 'बाई, ही माफीची बैठक नव्हे.' किती शब्द झाले?" मी मोजले नाहीत. पुढच्या तारखेला त्यांनी तेच परत विचारलं. मग दर तारखेला विचारू लागले. मला त्यांचा राग यायचा, आणि माझा त्याहून जास्त.

येंकेनची आई नवव्या महिन्यात गेली. शेजारणी भात देऊन जायच्या, पण रात्रंदिवस कोण बसणार? चुलीत पडली नाही, एवढं खरं. आजारी पडली आणि गेली. तुरुंगात निरोप पोचवायला पा थाइमू स्वतः लॉरीने फ्रीटाउनला गेले, पण भेटीचा दिवस नव्हता. फाटकावरच्या माणसाजवळ निरोप ठेवून परत आले. तो पोचला की नाही, ते आम्हाला दोन वर्षं कळलं नाही. पोचला नव्हता.

ती सुटून आली त्याच आठवड्यात पा थाइमू माझ्याकडे आले. कोट घातला होता. पानात कोला बांधलेला, पांढरा आणि तांबडा दोन्ही. म्हणाले, चल, साक्षीला कोणीतरी लागतं.

येंकेन अंगणात होती. बारीक झाली होती, केस कापलेले, पण हात तेच, भात पाखडत होती. आम्हाला पाहून उठली. विचारपूस झाली, सेके झालं, रात्र कशी गेली झालं. तिने आम्हाला बसायला पाट दिले. पा थाइमू पाटावर बसले नाहीत. एवढा उंच माणूस, गुडघे दुमडून मातीत बसला आणि त्याने तिचा पाय धरला. तिच्या बापाच्या वयाचा माणूस. ती एकदम मागे सरली, पण पाय सोडवून घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून थांबली.

"तुला मी तुरुंगात घातलं," ते म्हणाले. "मला सगळं ठाऊक होतं. मी बोलू शकत होतो, बोललो नाही. तुझी आई माझ्यामुळे एकटी मेली. मला तोंड नाही."

तिचे डोळे भरून आले. तिने खाली वाकून त्यांचे हात सोडवले, कोला घेतला, कपाळाला लावला. माझ्याकडे वळून म्हणाली, "किती चांगलं बोलले ना? माझ्या मामालाही इतकं चांगलं मागता आलं नसतं."

पा थाइमूंनी मान हलवली. "नाही गं येंकेन. हे तसलं बोलणं नव्हे. हे खरं आहे. चूक माझीच आहे."

"खरंच तुमची का पा?" तिने विचारलं, रीतीप्रमाणे.

"माझी."

"खरंच?"

"माझी गं. खरंच माझी. याला विचार, हा तिथे होता."

तिने मला विचारलं नाही. तिने कोला फोडला, एक फोड त्यांच्या हातावर ठेवली, एक माझ्या, आणि म्हणाली, संपलं पा, आता याचं नाव काढायचं नाही, तुम्ही माझ्यासाठी गाडीमागे धावलात ते मला सगळ्या गावाने सांगितलं आहे. मग आत जाऊन भात आणि कसाव्याच्या पाल्याचं कालवण घेऊन आली, एकाच मोठ्या ताटात, तिघांना मिळून. माफी झाल्यावर जेवायचं असतं. नाही म्हटलं तर ती मोडते.

पा थाइमूंनी हात धुतले. मग परत म्हणाले, "येंकेन, ते खरंच..." ती म्हणाली, जेवा पा, गार होतंय. ते जेवले.